रोहित (फ्लेमिंगो) पाहायला मुलांना नेताना आधी तिथी बघा

ठाणे खाडीवर फ्लेमिंगो दाखवायला मुलांना न्यायचं तर शाळेच्या वेळापत्रकापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. ओहोटीला पक्षी दूर चिखलात चरत असतात, नुसते गुलाबी ठिपके. भरतीने चिखल बुडाला की त्यातले बरेच नेरूळ-सीवूड्सच्या तलावांवर येतात. जुना हिशोब मुलांकडूनच करून घ्या: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला साधारण तीन. खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं.

एका मोठ्या माणसामागे आठ-दहा मुलं, ८×४० च्या दोन दुर्बिणी. पक्षी चरायचं थांबवून माना ताठ करू लागले की समजा, आपण फार जवळ आलो. तिथूनच मागे फिरा. त्यांना उडण्याआधी पाण्यावर धावावं लागतं, एका आरोळीने सगळा थवा दमतो.

दोन जातींची ओळख चोचीवरून. मोठ्या रोहितची गुलाबी, टोक काळं. लहान रोहितची गडद, दुरून काळीच दिसणारी. 'संकटसमीप' यादीत लहान रोहित आहे, मोठा नाही. दोघांना सरसकट 'नामशेष होणारे' म्हणू नका, मुलं तेच घोकतात.

वर्गात बादलीभर गढूळ पाण्यात तांदूळ आणि रवा टाका. चहाची गाळणी दोन्ही पकडते, पुरणाची चाळण फक्त तांदूळ. लहान रोहितच्या चोचीतली गाळणी बारीक, म्हणून तो सूक्ष्म शैवाल खातो. मोठा कोळंबीसारखे जीव. मग बादलीत प्लास्टिकचे तुकडे टाकून पुन्हा गाळायला लावा.

जखमी पक्षी दिसला तर हात न लावता १९२६ वर वनविभागाला फोन.