मुंबई–दिल्ली विमान: अंतर ११३८ किलोमीटर, मग सव्वादोन तास का?

मुंबई–दिल्लीच्या वेळेचा हिशोब मी अंतरापासून सुरू करतो. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. अक्षांशांतला फरक ९.४८ अंश. दर अंशाला ६० नॉटिकल मैल (एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) धरले की ५६९. रेखांशांतला फरक ४.२३ अंश, पण रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात, म्हणून ६० ने गुणून झाल्यावर मधल्या अक्षांशाच्या कोसाइननेही, म्हणजे ०.९१५ ने, गुणायचं: २३२. दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ: सुमारे ६१४ नॉटिकल मैल, म्हणजेच ११३८ किलोमीटर. ०.९१५ राहून गेलं तर १५-१६ किलोमीटर उगाच वाढतात. मुंबई–लंडनसारख्या लांब पल्ल्याला ही रीत चालत नाही, तिथे गोलावरचं सूत्रच लागतं.

या मार्गावरचं एअरबस ए-३२० विमान साधारण ४५० नॉटने, म्हणजे तासाला ४५० नॉटिकल मैल वेगाने जातं. त्या वेगाने ८२ मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ असते, आणि ती बरोबरच असते. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दिल्लीत जागेवर उभं राहीपर्यंतचा तो वेळ. चढताना-उतरताना वेग कमी, दहा हजार फुटांखाली तर २५० नॉटची मर्यादा. हवाई मार्गही सरळ रेषेत नसतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानं रांगेत उभी राहतात ती म्हणून. वेळ खरा जातो तो जमिनीवर.

हिवाळ्यात पश्चिमेचा जोरदार वारा असतो. दिल्लीची दिशा उत्तरेपासून जेमतेम २१ अंश पूर्वेला, तेव्हा हा वारा मुख्यतः बाजूने लागतो आणि थोडासाच मागून. १०० नॉटचा वारा धरून मांडलं तर जाताना ७७ मिनिटं, येताना ९१. बाजूचा वारा दोन्ही वेळा थोडा वेग खातोच, त्यामुळे जाताना जेवढं वाचतं त्यापेक्षा येताना जास्त जातं. डिसेंबर-जानेवारीतलं दिल्लीचं सकाळचं धुकं मात्र या गणितात बसत नाही. त्या दिवसांत कामाच्या दिवशी पहाटेचं विमान मी घेत नाही, आदल्या संध्याकाळचं घेतो.

घरून निघायची वेळ उलटी मोजावी. देशांतर्गत विमानांचा बॅगेचा काउंटर सहसा ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट २५ मिनिटं आधी. टर्मिनल तिकिटावर नीट बघा. मुंबईचं टी-१ आणि टी-२ यांच्यात रस्त्याने जावं लागतं, दिल्लीतही टी-१ आणि टी-३ लांब आहेत. नवी मुंबईहून निघालात तर हवाई अंतर जवळपास तेवढंच, बदलतो तो घरापासूनचा रस्ता. दिल्लीत उतरल्यावर बॅग असेल तर पट्ट्यापाशी अर्धा तास धरा. सकाळी ८ च्या विमानाने जाऊन शहरात १२ च्या आधीची भेट मी ठरवत नाही.