पाण्याखाली ३५ मिनिटं, रॅम्पवर ४ तास: दाजींची पाणबुडी सेनेका लेकवर

दाजींनी सात वर्षं गॅरेजमध्ये खपून बांधलेली, एकच माणूस बसेल एवढी पाणबुडी जूनमधल्या एका मंगळवारी न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका लेकमध्ये उतरवली. आत माणूस न बसवता तिची चाचणी आधीच झाली होती, त्यामुळे ६० फूट खोल जायची धास्ती कुणालाच नव्हती. घाम काढला तो रॅम्पने, म्हणजे बोटी पाण्यात उतरवायच्या काँक्रीटच्या उताराने. म्हणून हा वृत्तांत बुडी मारण्याचा कमी आणि ट्रेलरचा जास्त आहे.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एरवी साडेचार-पाच तास. मागे ट्रेलर असल्याने आम्हाला साडेसहा लागले. तळं ६१८ फूट खोल. पूर्व काठावर सॅम्पसन स्टेट पार्क आहे, तिथे रॅम्प मिळतो. दुसऱ्या महायुद्धात याच जागी नौदलाचं प्रशिक्षण केंद्र होतं, आणि पलीकडच्या काठावर ड्रेस्डेनला नौदल अजूनही सोनारच्या (पाण्याखाली आवाजाने वेध घेणाऱ्या यंत्रांच्या) चाचण्या घेतं. तेव्हा पार्कला आणि शेरीफच्या ऑफिसला आधी फोन करून ठेवा. पिवळं काहीतरी बुडताना दिसलं की कुणीतरी ९११ लावणारच. शनिवार-रविवारी जाऊ नका. मागे मासेमारांच्या बोटी खोळंबल्या की हात थरथरतात.

आता मुख्य भानगड. एक टन वजनाची मोटरबोट फूटभर पाण्यात तरंगते. तेवढ्याच वजनाची पाणबुडी तिच्या बॅलास्ट टाक्या (बुडण्यासाठी पाणी भरायच्या टाक्या) रिकाम्या असतानाही बहुतेक पाण्याखालीच असते. दाजींच्या पाणबुडीला तरंगायला ४ फूट पाणी लागतं. ट्रेलरचे बंक (ज्यांवर पाणबुडी टेकते त्या आडव्या फळ्या) जमिनीपासून दीड फूट वर, म्हणजे साडेपाच फूट झाले. रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के असतो. १३ टक्के धरले तर ट्रेलर काठापासून ४२ फूट आत न्यावा लागतो. गाडी तेवढी आत नेली तर तीही पाणबुडीच!

आम्ही ट्रेलर गाडीपासून सोडवला, पुढे जाडजूड जॉकी व्हील (ट्रेलरचं टोक पेलणारं चाक) लावलं आणि गाडीच्या विंचला (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राला) जाड पट्टा बांधून हळूहळू आत सोडला. गाडीच्या चारही चाकांना गुटके लावलेले. त्याआधी मी छातीपर्यंत पाण्यात शिरून, फुटाच्या खुणा केलेल्या काठीने रॅम्प चाचपला होता. काँक्रीट कुठे संपतं ते स्वतः बघाच. त्यापुढे बोटींच्या पंख्यांनी माती उकरून खड्डा पडलेला असू शकतो. चाक त्यात गेलं की बसा. वेटसूट हवाच, जूनमध्येही पाणी हाडं गोठवतं. आणि पोहोचल्या पोहोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. ट्रेलरच्या चाकाचा तापलेला हब (मधला, ग्रीस भरलेला भाग) गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि तो पाणी ओढतो. अर्धा तास थांबा, दिव्यांची वायर काढा, पोहे खा. ताईने आणलेला नारळ आम्ही याच वेळात पार्किंगमध्ये फोडला. रॅम्पवर नको, तिथे शेवाळ.

मग माझी चूक. ट्रेलर तीस-पस्तीस फूट आत गेला आणि डावीकडून फुस्स आवाज यायला लागला, बारीक, सायकलच्या ट्यूबसारखा.

"दाजी, डावीकडे कलतेय!"

"व्हेंट बंद केले होतेस ना?"

उजवा केला होता. टाकीला खाली पाण्याची भोकं आणि वर हवा सोडायची झडप, म्हणजे व्हेंट असतो. व्हेंट उघडा राहिला की हवा वरून निघते, पाणी खालून भरतं. पाणबुडी तरंगायच्या ऐवजी बंकवर आडवी व्हायला निघाली होती. पाणबुडी ट्रेलरला बांधणारे पट्टे सोडले नव्हते म्हणून वाचलो. दहा-बारा फूट मागे ओढली, पाव तास टाकी निथळू दिली, पुन्हा सोडली. तेव्हापासून दोन्ही व्हेंटच्या दांड्यांना लाल फीत बांधतो, आणि ती दुसऱ्याने सोडायची, ज्याने बांधली त्याने नाही.

काठाजवळ हॅच, म्हणजे आत शिरायचं वरचं झाकण, बंदच ठेवा. हॅचची कड पाण्यापासून वीतभरच वर असते, शेजारून गेलेल्या एका बोटीची लाट पुरते. अमेरिकेतल्या वुड्स होल सागरसंशोधन संस्थेची पाणबुडी 'ॲल्विन' १६ ऑक्टोबर १९६८ ला समुद्रात सोडतानाच केबल तुटून पडली आणि उघड्या हॅचमधून भरून बुडाली. तिघं निसटले, पाणबुडी ५,००० फुटांवर जाऊन बसली.

परत चढवताना बुडालेला ट्रेलर दिसत नाही. त्याच्या मागच्या कोपऱ्यांवर उभे, नारिंगी रंगवलेले पीव्हीसी पाइप लावा. वारा आडवा होता, म्हणून पाणबुडीला पुढे आणि मागे अशा दोन दोऱ्या बांधून धक्क्यावर ताईने एक धरली, भाच्याने दुसरी. मी पाण्यात पायाने कील (पाणबुडीच्या तळाचा कणा) चाचपत होतो. कील बंकवर टेकली, पट्टे आवळले, मगच व्हेंट उघडायचे. आधी उघडले तर ती तिथेच बुडेल. अर्धी वर आली की थांबा, टाक्या निथळू द्या. गॅलनभर पाणी सुमारे ८.३ पौंड भरतं, टाकीत ४० गॅलन राहिलं तर सुमारे ३३० पौंड जास्तीचे आपण शेवाळावरून ओढत असतो.

निघण्यापूर्वी बोट स्वच्छ करून, पाणी काढून, कोरडी करायची हा इथला नियम आहे. सेनेकात झेब्रा आणि क्वागा हे बोटींबरोबर दुसऱ्या तळ्यांत पसरणारे उपद्रवी शिंपले आहेत, आणि बॅलास्ट टाकीसारखी त्यांच्या सोयीची जागा नाही. सगळं पाणी काढा, टाक्यांत हात घालून फडका फिरवा.

दुसऱ्या दिवशी घरी हबचं झाकण काढलं. अर्धा तास थांबूनही एका हबातलं ग्रीस दुधाळ झालं होतं. नवे सील मागवले आहेत.