परकम्मा: राखी पौर्णिमेला माहूरच्या डोंगरात

आमच्या नांदेडकडं माहूरला जाऊन न आलेलं घर सापडायचं नाही. साडेतीन पीठांपैकी एक पीठ आपल्याच जिल्ह्यात, गाडी थेट पायऱ्यांपर्यंत जाते. ओटी भरली, तांबूल घेतला, दिवेलागणीला परत घरी. अशा दर्शनात देवी भेटते, डोंगर मात्र राहून जातो. आणि डोंगर तरी एक कुठंय? रेणुकामातेचा एक, दत्ताचा एक, अनसूयेचा एक, किल्ल्याचा आणखी वेगळा. भोवताली सागाचं रान आणि रानाला वळसा घालून वाहणारी पैनगंगा. हे सगळं पायाखालून घालायचं असेल तर राखी पौर्णिमेची परिक्रमा करायची. आमच्या गल्लीतल्या थोरल्या अक्का तिला परकम्मा म्हणतात, म्हणून आम्हीही.

भजनी मंडळाच्या आम्ही बायका, सोबत एकीचा पुतण्या आणि क्रूझरचा ड्रायव्हर. ड्रायव्हर गाडीतच झोपणार होता, तसं त्यानं नांदेड सोडायच्या आधीच सांगून टाकलं. रात्रभराचा प्रवास, किनवटच्या पुढं पाऊस. माहूरच्या बऱ्याच अलीकडं गाड्यांची रांग लागली होती, तिथंच उतरलो आणि चालत निघालो. सर्वतीर्थावर अंघोळ म्हणजे नावाला चार तांबे. अंधारात एवढ्या बायका, आडोसा कसला! ओल्या लुगड्यानं तशाच पुढं.

निघायच्या आधी अक्कांनी एकच नियम घातला. जिचे गुडघे दुखतात ती माझी जाऊबाई सगळ्यांच्या पुढं, बाकीच्या तिच्या मागं, शेवटी पुतण्या बॅटरी घेऊन. तरण्या पोरींना हे पटलं नाही. "आम्ही वर जाऊन थांबतो की वो अक्का!" त्यावर अक्का म्हणाल्या, "थांबशील कुठं? वर काय तुझं घर हाय का?" बरोबर होतं त्यांचं. वाट जेमतेम दोन माणसांची, रेंज जाते, आणि एकदा का मधे दुसरा जथा घुसला की आपलं माणूस मागं आहे की पुढं हेच कळत नाही. खाली भोंग्यावर सारखी नावं पुकारली जात होती. अमक्या गावची अमकी बाई चौकीपाशी बसलीय, घरच्यांनी घेऊन जावं. ती पुकारलेली नावं ऐकत ऐकतच आम्ही रानात शिरलो.

सुरुवातीचा रस्ता सपाटच आहे, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उजाडलं तेव्हा आजूबाजूला साग फुलोऱ्यावर आलेला. एवढ्या मोठ्या पानांवर पाऊस पडला की केवढा आवाज होतो, शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही. कोवळं पान बोटांत चोळलं की बोटं लाल होतात. पोरींनी हात रंगवून घेतले, जुनी पानं डोक्यावर धरली, बसायला अंथरली.

कैलास टेकडीच्या चढाला खरी गंमत कळते. वाट म्हणजे पावसाच्या पाण्यानं केलेली घळ. तळाला मुरूम, वर चिखल, मधेच काळ्या दगडाची गुळगुळीत शिळा. हजारो पायांनी चिखलाचा लगदा झालेला, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत, आणि काढला की चप्पल तिथंच. पुष्कळ लोक अनवाणी चालतात. ज्याचा नवस असेल त्यानं जरूर चालावं, पण बघून हौस करू नये असं माझं मत आहे. तुटलेल्या काचा आणि पत्र्याची झाकणं त्या चिखलात दिसत नाहीत. मागं पट्टा असलेल्या साध्या रबरी सँडल सगळ्यात बऱ्या. बुटात पाणी भरतं.

चढ असा की पुढच्या बाईची टाच आपल्या तोंडासमोर. हाताला जे लागेल ते धरायचं. मूळ, दगड, कुणाचाही पदर. वरून गोटा सुटला की वरचे ओरडतात, "दगड आला, दगड!" आणि हाक खालपर्यंत जाते, दगडाच्या आधी पोचते. ही हाक मराठीतून उठली तरी मधे तेलंगणातल्या बायका होत्या, त्या तीच तेलुगूत पुढं ढकलत. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. दम लागला की कुणीतरी "दिगंबरा दिगंबरा" सुरू करी. म्हणता म्हणता आपोआप पाय त्याच तालावर पडू लागत. मग ज्याला श्वास पुरत नसेल तो नुसतंच "रा" म्हणायचा.

जाऊबाई पुढं असल्यानं आमची चाल मुंगीची. मागून लोक कावायचे. "काहून थांबलाव वो मावशे?" "दम लागलाय, दुसरं काय! जा की पुढं जायचं तर." ते अंगाला घासून पुढं जात, आणि पुढच्या वळणावर तेच लोक दगडावर बसून धापा टाकत असत. आम्ही थांबलो असू ते चार घोट पाण्यापुरतं.

टेकडीच्या माथ्यावर जरा टेकलो. एका पोरीनं पाण्याची बाटली जड झाली म्हणून कुरकुर केली, तर अक्कांनी परशुराम काढला. एका पारड्यात आई, दुसऱ्यात बापाचं प्रेत, अशी कावड घेऊन तो रानोरान फिरला. दत्तात्रेयानं सांगितलं, इथंच अग्नी दे. रेणुका सती गेली. मग लेकरू आईसाठी रडायला लागलं, तेव्हा आवाज आला की ती जमिनीतून वर येईल, तू मागं वळून बघू नकोस. त्याला काही राहवलं नाही. बघितलं, तोवर नुसतं मुखच वर आलं होतं. म्हणून माहूरला देवीचा तांदळा मुखाचाच. गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती, पण खांद्याला पिशवीचे वळ उठलेले असताना ती कावड वेगळीच जड वाटली. पोरीनं बाटली उचलली.

तिथून पाऊस जरा उघडला आणि किल्ल्याची तटबंदी ढगात मधूनच दिसून गेली. रायबागन ह्याच माहूरच्या देशमुखांच्या घरातली. 1661 साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाला कोंडला तेव्हा ही बाई खानाच्या फौजेत होती, आणि शरण जा असं खानाला तिनंच सांगितलं म्हणतात. अशा मुलखातली बाई, खिंडीत सापडणं म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नसणार.

वझऱ्याच्या शेख फरीदचा धबधबा पावसाळ्यात भरून पडतो, तिकडं जाऊ म्हणून पोरी मागं लागल्या होत्या. जाऊबाईंचे गुडघे बघून तो विषय तिथंच बंद झाला.

अक्कांचं म्हणणं असं की चढ देव चढवतो, उतार आपला आपल्याला उतरावा लागतो. उताराला पोचलो तेव्हा कळलं. चढताना चिखल निदान धरून ठेवतो, उतरताना तोच खाली ओढतो. एका ठिकाणी पुरुषभर उंचीची तिरकी शिळा होती, वरून पाणी वाहतंय, बाजूला धरायला काही नाही. तिथं एक तरणा पोरगा उभा. कोण, कुठला, माहीत नाही. एक पाय खालच्या खाचेत रोवलेला, पाठ दगडाला लावलेली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याचं एकच सांगणं: "खांदा धरा, माझ्याकडं बघा, खाली बघू नका." लोक त्याचा खांदा धरून, गुडघ्यावर पाय ठेवून उतरत होते. त्याच्या सदऱ्याचा डावा खांदा चिखलानं लिंपून गेला होता, शिवणही उसवली होती. बायकांच्या पिशव्यांत राख्या होत्याच, दिवसच तो. मनगटापासून कोपराकडं त्याच्या हातावर राख्यांची रांग लागलेली, गोंडे भिजून काळे झालेले. आमच्या जाऊबाईनं खाली उतरल्यावर बांधायला राखी काढली तर तो म्हणाला, "ताई, नंतर बांधा, मागं गर्दी तुंबली." तिनं ऐकलं नाही. गाठ मारीपर्यंत वरचे लोक ओरडत राहिले.

दत्तशिखरावर पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत होते. वाटेत जागोजाग लोक फुकट चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटतात. वाटणाऱ्याचं पुण्य खरं, पण खाऊन टाकलेल्या द्रोणांचा आणि पाण्याच्या पाऊचचा खच बघवत नाही. ज्या रानाला प्रदक्षिणा घालायची त्याच रानात टाकायचं! आम्ही आमचं पिशवीत भरलं, त्यावर एक जण हसलाही. हसू दे.

दत्त महाराज काशीला अंघोळ करतात, कोल्हापुराला भिक्षा मागतात आणि निजायला माहूरला येतात, असं म्हणतात. शिखरावर वारा अंगाला लागला की निजायला हीच जागा का, ते विचारावं लागत नाही. आमच्यातल्या दोघी खांबाला टेकल्या त्या गाढच झोपल्या. त्यांना उठवून अनसूयेच्या पायऱ्या चढलो, मग मातृतीर्थ. परशुरामानं बाण मारून काढलेलं पाणी ते हेच, असं सांगतात. ज्यांची आई गेलेली आहे अशा बायका तिथं थोड्या जास्त थांबल्या. मीही.

शेवटी देवीच्या पायऱ्या. दिवसभर डोंगर चढून आलेल्या पायांना बांधीव पायऱ्या जास्त जड जातात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. लिफ्ट आणि स्कायवॉकचं भूमिपूजन 2023 साली झालं, त्यावरून पायरीवर बसूनच वाद पेटला. पोरींचं म्हणणं, त्यानं गडाची मजा जाईल. जाऊबाई काही बोलली नाही, नुसते गुडघे चोळत बसली होती. मी तिच्या बाजूची. जिला चढवत नाही तिनं काय खालूनच हात जोडायचे? डोंगर चढायची हौस असलेल्यांना परकम्मा आहेच की.

दर्शनाला रांग होती तेवढी होतीच. बाहेर आलो तर तांबुलाच्या दुकानांत लोखंडी खलबत्त्यांचा दणदणाट. पान, सुपारी, कात, बडीशेप, वेलदोडा, सगळं खलात जातं आणि हिरवा-तांबडा गोळा होऊन बाहेर येतं. पोराचा हात इतका बसलेला की गिऱ्हाइकाशी बोलताना खलाकडं बघायचीही गरज नाही. त्यानं अक्कांचे पांढरे केस बघितले आणि आपल्या मनानंच जोर लावून बारीक कुटायला घेतलं.

"थांब रे बाबा," अक्का म्हणाल्या. "देवीचा बारीक कुट. माझा जाडसर ठेव. दात हायत मला अजून."