ब्लोअर बंद पडला, आणि जॉब कार्डावर लिहिलं 'कूलिंग नाही'

पहिल्यांदा हेच सांगतो, बाकीचं मागून. गाडी वर्कशॉपला टाकताना काउंटरवरचा माणूस जॉब कार्डावर तुमची तक्रार काय लिहितोय ते वाचल्याशिवाय सही करू नका. मी वाचलं नाही आणि 19 दिवस, गॅस भरायचे पैसे आणि भर पावसातली रोजची जीवघेणी ड्रायव्हिंग असं सगळं त्या एका ओळीपायी भोगलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

माझी गाडी 2014 ची हॅचबॅक आहे, साधा मॅन्युअल एसी, केए 22 पासिंग. घर वडगावात आणि शाळा खानापूर तालुक्यात, म्हणजे रोजचं जाऊन येऊन साठेक किलोमीटर. आमच्याकडं बरेच जण म्हणतात बेळगावात एसी कशाला लागतो, हवाच गार आहे की. एप्रिल-मे सोडला तर गारव्यासाठी लागत नाही हे खरं, पण पावसाळ्यात एसी काचेसाठी लागतो. गाडीत चार माणसं, ओले रेनकोट, ओल्या छत्र्या, काचा बंद, पाच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी होते. एसी हवेतली ओल काढून घेतो आणि ती कोरडी हवा ब्लोअर, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला पंखा, काचेवर मारतो तेव्हा कुठं रस्ता दिसतो. हीटरचंही तसंच, गरम पाणी इंजिनाकडून येतं पण ती ऊब आत ढकलायला हाच पंखा लागतो. म्हणजे ब्लोअर मेला की एसी पण नाही आणि हीटर पण नाही.

जूनच्या शेवटी ब्लोअर एक, दोन, तीन नंबरच्या स्पीडवर चालायचा बंद झाला, फक्त चारवर चालायचा. चारवर आवाज एवढा की मागं बसलेल्या आईचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी चालतोय ना म्हणून मी तीन आठवडे तसंच रेटलं, ती चूक माझी. ज्यांचा ब्लोअर आत्ता असाच फक्त चारवर चालतोय त्यांनी हे वाचून थांबू नका. मॅन्युअल एसीच्या गाडीत एक ते तीन नंबरचा करंट एका रेझिस्टरमधून, म्हणजे करंट कमी करणाऱ्या पार्टमधून जातो, चार नंबर त्याला वळसा घालून सरळ मोटरला जातो. त्या रेझिस्टरवर एक थर्मल फ्यूज असतो, फार तापला की तो उडतो आणि खालचे तिन्ही स्पीड एकदम जातात. त्यामुळं फक्त चार चालतोय म्हणजे बहुतेक वेळा रेझिस्टर गेलेला असतो. तो स्वस्त पार्ट आहे. पण तो का तापला हे बघायलाच पाहिजे, आणि नेमकं तेच कुणी बघत नाही.

तर जुलैत सांखळीला बहिणीकडं गेलो होतो, येताना चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या अलीकडं धुकं आणि पाऊस दोन्ही एकत्र. ब्लोअर चारवर होता. आधी प्लॅस्टिक जळल्याचा वास आला, मग पंखा हळू झाला आणि बंदच पडला. दोन मिनिटांत काच पांढरी. बायको एका हातानं नॅपकिन घेऊन माझ्यासमोरची काच पुसतेय, मी दोन्ही बाजूच्या काचा चार बोटं खाली केल्या तर पाऊस आत, समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे नुसते पिवळे डाग दिसत होते. जांबोटीपर्यंत वीसच्या स्पीडनं आलो. एवढी भीती मला गाडी चालवताना कधी वाटली नव्हती. जळका वास आला की ब्लोअरचं बटण ताबडतोब शून्यावर करा, मी ते पण केलं नव्हतं, धुक्यात ते सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत फोन करून रजा सांगितली आणि गाडी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपला नेली. नाव लिहित नाही. काउंटरवरच्या मुलाला मी स्वच्छ सांगितलं, ब्लोअर फिरत नाही, आधी एक-दोन-तीन बंद झाले, मग फक्त चार चालायचा, काल जळका वास येऊन तो पण गेला. तो मान हलवत टाइप करत होता. कागद बाहेर आला, मी सही केली, ऑटो पकडून घरी. कागदावर होतं 'एसी नॉट कूलिंग'. त्याच्या कॉम्प्युटरात तक्रारींची यादी असते, त्यातली जवळची एक त्यानं निवडली, हे मला नंतर कळलं.

आता आतल्या टेक्निशियनच्या हातात फक्त तो कागद. त्यावर कूलिंग नाही असं लिहिलंय म्हटल्यावर त्यानं गॅसचं प्रेशर बघायचे गेज लावले, एसीचा कॉम्प्रेसर लागत नाही, म्हणजे चालूच होत नाही, हे बघितलं आणि गॅस काढून नवीन भरला. त्याचे 1,850 रुपये. बहुतेक गाड्यांत ब्लोअर बंद असला की कॉम्प्रेसर लागतच नाही, कारण हवा फिरत नसताना आतली हवा गार करणारी कॉइल गोठून बर्फ होईल. म्हणजे कॉम्प्रेसरचा काही दोष नव्हता. आणि हे पण लक्षात ठेवा, एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद सिस्टीम असते, कमी झाला असेल तर कुठंतरी लीक आहे. लीक न शोधता कुणी नुसता गॅस भरतो म्हणाला तर विचारा कशासाठी.

संध्याकाळी फोन आला, झालं सर, घेऊन जावा. गेलो, चावी फिरवली, ब्लोअरचं बटण चारवर नेलं, काही नाही. मी म्हटलं अहो हवाच येत नाही. तो मुलगा म्हणाला मग कॉइल चोक असेल, डॅशबोर्ड खोलावा लागेल. एस्टिमेट 21,600. कॉइल हुबळीहून येणार, 3,000 ॲडव्हान्स भरा. आणि मी भरले, कारण बाहेर पाऊस कोसळत होता, शाळा चालू होती आणि मला ते एकदाचं संपवायचं होतं. घाईत पैसे भरले की माणूस अडकतो.

त्यानंतर सोमवारी या, मग गुरुवारी या, मग नाळी बर्री, म्हणजे उद्या या. नाळी बर्री मी किती वेळा ऐकलं मोजलं नाही. पहिला आठवडा गाडी त्यांच्याच आवारात उभी, मी सीबीटी बस स्टँडवरून खानापूरची बस पकडायचो. शाळा सुटल्यावर परत तिथं जाऊन काउंटरसमोरच्या स्टीलच्या खुर्चीवर बसायचो, समोर आतल्या बाजूला जमिनीवर पिवळी पट्टी, तिच्या पलीकडं कस्टमरनी जायचं नाही. माझी गाडी मला त्या पट्टीच्या अलीकडून दिसायची, बॉनेट पण उघडलेलं नसायचं. मी रोज तेच सांगायचो, ब्लोअर, ब्लोअर, कूलिंग नव्हे. उत्तर एकच, पार्ट आला की करू. तिसऱ्यांदा जरा आवाज चढवला तर म्हणाले मॅनेजरशी बोला, मॅनेजर धारवाडला मीटिंगला. आठव्या दिवशी शेवटी गाडी तशीच घेऊन आलो, म्हटलं पार्ट आला की आणतो. पुढचे दिवस काचा खाली करून, डाव्या हातात नॅपकिन घेऊन खानापूर रोडनं गेलो. सकाळी शाळेत पोचेपर्यंत उजवी बाही भिजलेली असायची.

अठराव्या दिवशी परत चौकशीला गेलो तर गेटपाशी टेक्निशियन चहा पीत होता. मी त्यालाच गाठला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, सर, मला कार्डावर कूलिंग म्हणून आलंय, ब्लोअर लिहिलं असतं तर मी आधी फ्यूज आणि कनेक्टर बघितलो असतो की. एवढंच. अठरा दिवसांत ज्यानं गाडीला हात लावायचा त्याच्याशी माझं हे पहिलं बोलणं. मी पळत काउंटरवर गेलो, म्हटलं नवीन कार्ड करा, ब्लोअर लिहा. तर जुनं कार्ड बंद झाल्याशिवाय नवीन निघत नाही, जुनं बंद करायला बिल करावं लागतं, आणि पार्टची ऑर्डर उघडी आहे तोवर बिल होत नाही. हे ऐकून मी दोन मिनिटं नुसता उभा राहिलो.

एकोणिसाव्या दिवशी ऑटोनगरात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं गेलो, साठीच्या पुढचे गृहस्थ, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं पूर्ण, मधे एकदाही तोडलं नाही. मग ग्लोव्ह बॉक्स काढून डाव्या सीटच्या पायाकडं आडवे झाले, टेस्ट लॅम्प तोंडात. फ्यूज बघितला, चांगला. मग मोटरचा कनेक्टर ओढून माझ्या हातात दिला. पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन एका कडेला वितळलेलं, आतली एक पिन काळी. बॅटरीवरून दोन वायरी टाकून मोटरला सरळ करंट दिला तर ती कण्हत फिरली, किर्र असा आवाज करत. मामा म्हणाले, "सर, मोटर फिरत्या खरं जड झाल्या, लई करंट ओढायल्या बघा." वायरीभोवती धरून करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर 24 अँपिअर.

तीन स्क्रू काढून मोटर खाली घेतली तर पंख्याच्या पात्यांत ओला काळा लगदा. बोटानं चोळून बघितला तर गुलमोहराची बारीक पानं. शाळेत गाडी मी रोज गुलमोहराखाली लावतो. वायपरखालच्या जाळीतून ती पानं आत गेलेली, माझ्या मॉडेलला केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, कंपनीतूनच नव्हता, नुसती फिल्टरची रिकामी खाच. पानांनी पंखा जड, पाण्यानं मोटरचा बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती बारीक नळी, गंजलेला, म्हणून करंट जास्त. आणि रेझिस्टर ज्या हवेनं थंड राहायचा ती हवाच कमी, म्हणून तो जळाला. त्यानंतर चारवर रेटत राहिल्यानं कनेक्टर वितळला. म्हणजे नुसता नवीन रेझिस्टर टाकला असता तर तो पण गेला असता. मीटर लावला तर जुना रेझिस्टर पूर्ण ओपन, म्हणजे आतून तुटलेला, काहीच रीडिंग नाही. चांगला असेल तर काही ओहमच दाखवतो.

नवीन मोटर 2,400, रेझिस्टर 450, वायरीसकट कनेक्टर 150, फिल्टर 350, मजुरी 500. सगळं मिळून 3,850 आणि दीड तास, त्यातला अर्धा तास पार्ट आणायला. नवीन मोटर चारवर 14 अँपिअर. मामांनी एक-एक स्पीड लावून दाखवला, एक नंबरवर एवढा हळू आवाज की मी काचेवर हात धरून हवा येतेय का बघितलं. येत होती, कोरडी आणि गार. मला खरंच भरून आलं.

राहिलेलं आठवेल तसं लिहितो. ब्लोअर कधी चालतो कधी नाही असं असेल तर मोटरच्या बुडाला स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यानं हलकं ठोकून बघा, चालू झाली तर बहुतेक मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश संपत आलेत. फ्यूज उडत असेल तर जास्त अँपिअरचा टाकू नका, आणि रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज तार लावून डायरेक्ट करून देतो असं कुणी म्हटलं तर करू देऊ नका, आग लागू शकते. कनेक्टर वितळला असेल तर नवीन पार्ट जुन्याच कनेक्टरला जोडू नका. धुक्यात काच साफ करायची तर एसी चालू, हवा काचेकडं, आणि आतली हवा फिरवायचं बटण बंद म्हणजे बाहेरची हवा येऊ दे. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत बहुतेक वेळा हा रेझिस्टर नसतो, त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, ते महाग आहे. आणि फिल्टरची खाच रिकामी आहे का ते ग्लोव्ह बॉक्स काढून आजच बघा.

जाळीतली पानं आता मी दर शनिवारी हातानं काढतो आणि गाडी शाळेच्या भिंतीकडं लावतो. 3,000 ॲडव्हान्सचे अजून मिळालेले नाहीत, हुबळीची ऑर्डर रद्द झाल्याचा मेल यायचाय म्हणे. पावती जपून ठेवलीय, या गुरुवारी परत जाणार आहे, आणि यावेळी रिफंडच्या अर्जावर ते काय लिहितात ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार.