जळगाव ते न्यूयॉर्क : गोधडीच्या दोऱ्याने मोजलेले अंतर

डिसेंबरमध्ये बहिणीकडे न्यूयॉर्कला जायचे ठरले, तेव्हा आजीने अहिराणीत एकच विचारले, ‘‘कव्हय पोचशी?’’ म्हणजे, कधी पोचशील? मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे, हे मला ठाऊक होते. पण तेवढ्याने तिच्या प्रश्नाचे उत्तर होत नव्हते. म्हणून कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला आणि तिच्याच गोधडीचा दोरा त्या दोन शहरांवर बोटांनी दाबून ताणला. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसते. ताणलेला दोरा मात्र वायव्येला सरकत आइसलँडवर चढला आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरला. हाच जवळचा मार्ग. आमच्या गोलावर तो एकतीस सेंटिमीटर भरला, आणि जळगाव ते मुंबई जेमतेम एक.

त्या एका सेंटिमीटरसाठी सकाळी दहाला घर सोडले. रेल्वेने ते ४२० किलोमीटर पडते. सात तास गाडीत गेले, उरलेले विमानतळावर.

रात्री दीडला विमान उडाले. प्रवासी जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते, त्या हिशेबाने चौदा तास पुरायला हवेत. आम्हाला सोळा लागले. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जो जोरदार वारा वाहतो, ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात आणि जो हिवाळ्यात अधिक प्रबळ असतो, तो जाताना समोरून येतो. अशा वेळी हवेतला वेग तोच राहतो, जमिनीवरून तासाला कापले जाणारे अंतर घटते. समोरच्या पडद्यावर कितीतरी वेळ ७८० हाच आकडा होता.

खिडकीबाहेर मात्र उजाडतच नव्हते. सूर्य मागून येत होता आणि आम्ही त्याच्यापुढे पश्चिमेला पळत होतो, त्यातून उत्तरेकडचा हिवाळा. सोळाही तास काळोखात गेले. सकाळी सातला, त्याच तारखेला, न्यूयॉर्कवर पहिली तांबूस रेघ दिसली. घड्याळे साडेदहा तासांनी मागे, म्हणजे घरी संध्याकाळचे साडेपाच. उतरताच फोन लावला, तर आजी देवापाशी दिवा लावायच्या तयारीत होती. एकाच क्षणी तिचा दिवस मावळत होता आणि माझा उगवत होता, हे त्या काळोखातून आल्यावर जितके पटले तितके कोणत्याही पुस्तकातून पटले नव्हते.

परतताना तोच वारा पाठीशी होता. अटलांटिकवर पडद्यावरचा वेग १,०५० च्या पुढे गेला आणि तेच अंतर चौदा तासांत संपले. दुपारी साडेबाराला मुंबईत उतरलो. जळगावचे दार उघडले रात्री अकराला.

आजीला आता दार ते दार असा हिशेब सांगितला : जाताना साडेतेहतीस तास, येताना साडेअठ्ठावीस. तिने तो दोन वेळा म्हणवून घेतला आणि दोरा पुन्हा सुईत ओवला.