केसाएवढी तार आणि माझे दोन तास

३०० किमीची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, वेळ २० तास, आणि १७० पर्यंत मी अडीच तास हातात राखून होतो. तोवरचं सगळं मस्त झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढे मागचं चाक बसलं.

पहिलं पंक्चर सहा मिनिटांत उरकलं, नवीन ट्यूब टाकली, १६ ग्रॅमचा सीओटू कार्ट्रिज (झटक्यात हवा भरायची छोटी गॅसची नळकांडी) फोडला आणि टेचात निघालो. ११ किमीवर परत फुस्स. म्हटलं नशीब खराब, दुसरी ट्यूब टाकली, आता हातपंप, दोनशे-अडीचशे झटके मारून दंड भरून आले. ६ किमी गेलो नाही तोच परत तेच.

आता ट्यूब संपल्या होत्या आणि अंधार पडला होता. तेव्हा कुठे डोकं चालवायला घेतलं, जे पहिल्याच वेळी करायला हवं होतं. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती, ट्यूब रिममध्ये चिमटली. भोक आतल्या, म्हणजे स्पोकच्या बाजूला असेल तर रिम टेप, म्हणजे रिममधली स्पोकची भोकं झाकणारी पट्टी, सरकलीय. माझ्या तिन्ही ट्यूबना एकच बारीक भोक, तेही बाहेरच्या बाजूला, म्हणजे चोर टायरमध्येच बसलेला. आणि मी दोन्ही वेळा टायरमधून घाईघाईत बोट फिरवून 'काही नाही' म्हणून मोकळा झालो होतो!

ट्यूब टायरशेजारी धरली, व्हॉल्वपासून भोक एक वीत चार बोटं. पण ट्यूब काढताना कुठली बाजू कुठे होती ते लक्षात ठेवलं नव्हतं, त्यामुळे व्हॉल्वच्या दोन्हीकडे शोधणं आलं. (टायरवरचं नाव कायम व्हॉल्वसमोर येईल असा टायर बसवा, नाहीतर व्हॉल्व कुठे होता हेच कळत नाही.) तिथे टायर उलटा मुडपला, फर्स्ट एडमधला कापूस आतून फिरवला आणि एका जागी कापसाचा तंतू अडकला. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली तार, जेमतेम ३ मिमी, केसाएवढी. टायर सरळ असताना आत दडते, वजन पडलं की टोचते. बोटाला लागणार कशी? नखांनी निघेना, मल्टिटूलच्या पक्कडीत येईना, शेवटी दातांनी ओढली. चिमटा ठेवा बरोबर, वजन काहीच नसतं.

मग पॅच लावायला घेतला तर सोल्युशन वाळून खडखडीत. एकदा उघडलेली सोल्युशनची ट्यूब फार टिकत नाही, माझी कधी उघडलेली तेही आठवेना. मागून एक रायडर आले, त्यांनी स्वतःचं दिलं आणि थांबलेही. मी लावल्या लावल्या पॅच चिकटवला, हवा भरली, सुटला. ते शांतपणे म्हणाले, "अहो, ओली चमक जाऊ द्या आधी. आणि घासलंत का नीट?" नव्हतं घासलं. परत सँडपेपर, परत सोल्युशन, आणि मग ती पाच मिनिटं! अख्ख्या राइडमध्ये एवढी लांब पाच मिनिटं दुसरी नव्हती, दोनदा हात पुढे गेला, दोन्ही वेळा त्यांनी नुसतं बघितलं.

१९ तास ३८ मिनिटांत पोचलो. सकाळी डोळे उघडल्यावर आधी जाऊन मागचं चाक दाबलं. कडक होतं.