चार वर्षं आत राहिलेली कॅसेट

"दादा, कॅसेट काढून टाकायची नाहीये. ती परत वाजती करून द्या."

गाडीतल्या जुन्या स्टिरिओचं काम घेऊन येणारी माणसं साधारण उलट बोलतात. कॅसेट गेली खड्ड्यात, स्टिरिओ तेवढा वाचवा. म्हणून मी हातातलं काम बाजूला ठेवून काकूंकडे नीट बघितलं.

गाडी त्यांनी जुनी घेतलेली. कॅसेट गाडीसोबतच आली होती, आत अडकलेली. बाहेर काढायचं बटण दाबलं की आत खट् व्हायचं, पण कॅसेट काही यायची नाही. बोटाने परत आत ढकलली की वाजायला लागायची. गाणी संपत आली की मागे फिरवायची आणि पुन्हा ऐकायची. चार वर्षं हेच. घरात सगळ्यांना गाण्यांचा क्रम पाठ झालेला. "त्यातलं एखादं गाणं रेडिओवर लागलं ना," काकू म्हणाल्या, "आणि त्यानंतर दुसरंच काही आलं, की चुकल्यासारखं वाटतं."

आदल्या दिवशी आवाज जड झाला, मग रडका झाला, मग बंदच. भाच्याने चाकूचं टोक घालून बघितलं होतं. ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. फटीच्या कडेला ताजे ओरखडे होते आणि फितीचं एक वेटोळं बाहेर लोंबत होतं. ओढून पाहिलेलं. ओढली की फीत ताणली जाते आणि आतले वेढे आणखी घट्ट बसतात, हे भाच्यांना कोण सांगणार!

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, चौकटीच्या भोकांत दोन सळ्या घालून स्टिरिओ ओढून काढला. (काही स्टिरिओ वीज तुटली की कोड मागतात, म्हणून ते आधी विचारून घ्यायचं. हा त्याहून साधा होता.) वरचं झाकण काढलं आणि भिंग लावलं.

दुखणी दोन होती. पहिलं जुनं. कॅसेटचं कागदी लेबल गाडीतल्या उन्हाने सुटून एका कोपऱ्यात दुमडलं होतं आणि त्याच्या गोंदाने कॅसेट वरच्या पत्र्याला चिकटली होती. बटण दाबलं की पत्रा उचलायचा, कॅसेट मात्र जागची सरकायची नाही. दुसरं दुखणं कालचं. फीत पुढे ढकलायचं काम कॅपस्टन नावाची बारीक दांडी आणि तिच्यावर दाबून बसलेलं रबरी चाक करतं. पुढे आलेली फीत गुंडाळून घेणारी चकती वेगळी. तिला फिरवणारा बेल्ट ढिला पडून ती चकती थांबली होती. कॅपस्टन मात्र फीत देतच राहिला. घेणारं कुणी नाही म्हटल्यावर फीत त्याच्याच अंगाभोवती गुंडाळली गेली. रबर चिकट झालं होतं, त्याने हातभार लावला.

"तेवढी कापून टाका ना," काकू म्हणाल्या.

कापली तरी दांडीवरचे वेढे तिथेच राहतात, ते काढावे लागतातच. शिवाय फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते. वीतभर कापली की गाण्यातून चार-पाच सेकंद गेले. क्रम पाठ असलेल्या घराला ते रोज टोचलं असतं.

मग बसलो. रबरी चाक लाकडी काडीने दांडीपासून दूर धरलं आणि तिच्या खालचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, बोटाने उलटं फिरवायला लागलो. पाव फेरा, थांब. सुटलेली फीत प्लास्टिकच्या चिमट्याने बाजूला घे, परत पाव फेरा. पहिले तीन वेढे सहज आले. चौथा आपल्याच घडीखाली दबलेला, तिथे पुढे-मागे, पुढे-मागे करत बराच वेळ गेला. एकूण नऊ वेढे. शेवटचा सुटला तेव्हा फितीला पंख्यासारख्या बारीक चुण्या पडल्या होत्या, पण तुटली कुठेच नव्हती.

लेबलाचं काम त्यामानाने किरकोळ. गरम हवा मारून गोंद सैल करता येतो. पण कॅसेटचं कवच वाकलं तर सगळंच मुसळ केरात. म्हणून स्पिरिटचा एक थेंब सोडला, मऊ झाल्यावर प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवली. कॅसेट हातात आली. पैलू असलेलं पेन भोकात घालून सैल फीत गुंडाळली आणि कॅसेट काकूंसमोर ठेवली.

त्यांनी ती उचलून उलटसुलट केली. चार वर्षांत पहिल्यांदाच पाहत होत्या. लेबलावरची शाई उडालेली.

"आणि मागच्या बाजूला काय आहे?"

हा प्रश्न मलाही सुचला नव्हता. फीत आपोआप उलटी फिरवून दुसरी बाजू वाजवणारा तो डेक नव्हता. कॅसेट बाहेर काढून पालटल्याशिवाय दुसरी बाजू लागणारच नाही. म्हणजे या घराने चार वर्षं अर्धीच कॅसेट ऐकली होती.

बेल्ट बदलला, फीत वाचणारं हेड आणि रबर स्पिरिटने पुसलं, आधी माझी भंगार कॅसेट पाच मिनिटं वाजवून पाहिली. मग काकूंची घातली, दुसऱ्या बाजूने, आणि सुरुवातीपर्यंत मागे फिरवली.

थोडी खरखर. मग एका पुरुषाचा सपाट, संथ आवाज: "महोदय स्वल्पविराम आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की..."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. गाणं नाही, काही नाही. पत्र संपलं की क्षणभर शांतता आणि दुसरं पत्र, त्याच चालीत.

"लघुलेखनाचा सराव," काकू म्हणाल्या. "आधीचा मालक परीक्षेला बसला असणार."

"आणि कंटाळा आला की कॅसेट पालटत असणार," मी म्हणालो.

मला चुण्यांची जागा तपासायची होती. दोन्ही बाजू एकाच फितीवर असतात, अर्ध्या रुंदीत ही, अर्ध्या रुंदीत ती, आणि उलट्या दिशेने. गाण्यांच्या बाजूला साधारण दहाव्या मिनिटाला घोटाळा झाला होता. तासाभराची कॅसेट, म्हणजे इकडे तो विसाव्या मिनिटाच्या आसपास भेटणार. तिथवर पुढे नेली. बरोबर सापडला: "उपरोक्त" म्हणताना साहेबांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा लडबडला आणि "विषयान्वये" पर्यंत सावरला. काकू इतक्या हसल्या की पुन्हा लावायला लावलं.

स्टिरिओ गाडीत बसवून दिला. आता बटण दाबलं की कॅसेट बाहेर येते, हे दोनदा करून दाखवलं. फीत जुनी आहे, उन्हात ठेवू नका, दुसऱ्याही कॅसेट वाजवत जा म्हणालो. त्यांनी मान डोलावली. गाडी निघाली तेव्हा काचा खाली होत्या आणि वळणापर्यंत ऐकू येत होतं, "...पूर्णविराम. सबब आपणांस विनंती की..."